मनगटावरील ठेव

गेल्या वर्षी कुलदेवतेच्या जत्रेस आम्ही गोव्यास गेलो होतो. पालखी निघावयास अजून अवकाश होता आणि अग्रशाळेच्या ओसरीवर ठिकठिकाणांहून आलेली आप्तमंडळी गप्पा मारीत बसली होती. त्यांत बडोद्याहून आलेला आमच्या नात्यातील एक तरुण होता. त्याच्या मनगटावर नवे स्विस घड्याळ होते. बॅटरीचे नव्हे, किल्लीचे. कोणीतरी किंमत विचारली. त्याने आढेवेढे घेत ती सांगितली. ओसरीवर क्षणभर कोणी बोलेना. मग एक वृद्ध गृहस्थ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एवढ्यात आपल्या भटजींचा वर्षभराचा संसार चालला असता."

थोड्या वेळाने तळीच्या पायऱ्यांवर तो तरुण आमच्याजवळ येऊन बसला. "अण्णा, मी काही वाईट केले का? पैसे माझ्या कष्टाचे आहेत. कोणाचे बुडविले नाहीत. घरी आईवडिलांना काही कमी नाही. लहानपणापासून मला या यंत्राचे वेड आहे. तरी पण ते बोलले तेव्हा हात मागे घ्यावासा वाटला." आम्ही "पालखी निघते आहे, चल" एवढे म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगावयाचे तर उत्तर टाळण्यास आणखीही एक कारण होते. आमच्या स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीखाली त्या वेळी एक जुने ओमेगा होते, आणि त्याची कथा त्या तरुणाच्या घड्याळाहून अधिक अवघड आहे. ती पुढे येईलच. त्या दिवशी न दिलेल्या उत्तराचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण न पाहता तिची निंदा करणे आणि न पाहता तिचा हव्यास धरणे या दोन्ही गोष्टी सारख्याच सवंग आहेत. किल्लीच्या घड्याळात शंभराहून अधिक सुटे भाग असतात. एका डबीत गुंडाळलेली पोलादी कमान उलगडू पाहते. तिला एकदम उलगडू दिले तर काटे गरगरून क्षणात थांबतील. म्हणून दातेरी चक्रांच्या शेवटी एक अटकाव बसविलेला असतो. तो एका वेळी चक्राचा एकच दात सुटू देतो आणि सुटता सुटता एका छोट्या समतोल चक्राला हलकासा धक्का देतो. त्या चक्राच्या पोटाशी केसाएवढी बारीक वळ्यांची कमान असते. ती चक्राला परत ओढते, अटकाव पुन्हा सुटतो, आणि आपण ज्याला टिकटिक म्हणतो तो आवाज होतो. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये ही केसाची कमान घड्याळात बसविली, तेव्हापासून खिशातले घड्याळ विश्वासाला पात्र झाले. चक्रांच्या टोकांखाली बसविलेली माणके शोभेची नव्हेत, घर्षण कमी करण्यासाठी आहेत. आणि गेली शंभराहून अधिक वर्षे ती कारखान्यात तयार केलेली असल्यामुळे त्यांना दागिन्याची किंमतही नाही. 'सतरा माणकांचे घड्याळ' म्हणून मिशीवर ताव देणाऱ्या आमच्या आजोबांना हे कोणी सांगितले नाही हे बरेच झाले.

आता एक गंमत पाहा. आजच्या पुष्कळ घड्याळांतले हे समतोल चक्र ताशी २१,६०० हेलकावे घेते. काहींत २८,८००, जुन्यांत बहुधा १८,०००. पहिली संख्या आमच्या वाचकांस नवी वाटू नये. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक अहोरात्र, असे आपल्या ज्योतिषग्रंथांचे कोष्टक आहे. गुणाकार केला तर अहोरात्राचे २१,६०० प्राण होतात. अजपाजपाची परंपरागत संख्याही हीच. माणूस दिवसरात्रीत जितके श्वास घेतो असे पूर्वजांनी मानले, तितके हेलकावे हे इवलेसे चक्र एका तासात घेते. दोहोंचा संबंध केवळ साठाच्या पटीतील गणिताचा आहे आणि त्यातून कोणताही चमत्कार काढू नये. तरी कानाशी घड्याळ धरले असता जिवंत काहीतरी हाती आल्यासारखे का वाटते, हे त्या आकड्यांवरून थोडेसे उमगते.

मग एवढ्या खटाटोपाने वेळ तरी अचूक कळते काय? या प्रश्नाचे उत्तर धनिकांस अडचणीचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये उत्तम घड्याळांची पंधरा दिवस, पाच निरनिराळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत परीक्षा घेतात. दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढ्या मर्यादेत राहील त्यास प्रमाणपत्र मिळते. चार सेकंद म्हणजे आपल्या कोष्टकात बरोबर एक प्राण. दिवसाला एक श्वास चुकला तरी ते उत्तीर्ण! उलट बाजारात काहीशे रुपयांस मिळणारे स्फटिकाचे घड्याळ महिन्याकाठी पंधरावीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही, कारण त्यातला स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. म्हणजे लाखो रुपये देऊन मनुष्य जे विकत घेतो ते वेळेचे ज्ञान खचित नव्हे.

याचा इतिहासही शिकविणारा आहे. जपानच्या सेइको कंपनीने स्फटिकाचे पहिले मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका छोट्या मोटारीएवढी होती. त्या दिवशी अचूकपणा हेच ऐश्वर्य होते. पुढे अचूकपणा स्वस्त झाला. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती, ती पुढल्या पंधरा-अठरा वर्षांत तीसेक हजारांवर आली. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब मोडीत निघाले. जे वाचले त्यांनी वेळ विकणे सोडून कसब विकावयास घेतले, आणि निरुपयोगी ठरलेली वस्तू त्यामुळेच मौल्यवान झाली. आपल्याकडे १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझनच्या साहाय्याने एच.एम.टी.चा कारखाना निघाला. त्याची किल्लीची घड्याळे कितीतरी जावयांच्या हातावर लग्नात बांधली गेली. तो घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्या घड्याळांना कोणी ऐश्वर्य म्हणाले नाही. पण ती हातावर चढली तेव्हा त्या घरांत जो आनंद झाला तो बडोद्याच्या तरुणाच्या आनंदाहून उणा होता असे आम्ही म्हणणार नाही.

ओसरीवरील वृद्ध गृहस्थांचे म्हणणे मात्र एवढ्याने खोडले जात नाही. जे अन्न होऊ शकले असते ते धातू होऊन मनगटावर बसले, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो सरळ आहे. परंतु हाच काटा हातात घेऊन आपण देवळात शिरलो तर? देवाची चांदीची प्रभावळ, पालखीचे रुपेरी दांडे, समयांच्या ओळी, नौबतखान्यातला चौघडा, या सर्वांचे धान्य होऊ शकले असते. शिखराजवळची जी नक्षी जमिनीवरून कोणास दिसत नाही ती कोरण्यासाठी कोणी कारागीर उन्हात बसला होता, आणि त्याला कोणी तरी मजुरी दिली होती. सुंदर वस्तू करणे व करवून घेणे हेच पाप ठरविले तर माणसाच्या हाताला पोट भरण्यापलीकडे कामच उरत नाही. उत्तम घड्याळाच्या आतल्या पट्ट्यांच्या कडाही अशाच हाताने घासून चकचकीत केलेल्या असतात. पूर्वी त्या बंद झाकणाखाली असत आणि दुरुस्ती करणाऱ्यावाचून कोणी पाहत नसे. हल्ली पाठीमागे काच बसवितात, म्हणजे मालकाला आणि मालकाच्या मित्रांनाही त्या पाहता येतात. ही काच आम्हांस फारशी रुचत नाही, पण तो आमच्या वयाचा दोष असेल.

तरीही देवळाचा दाखला पुरता लागू पडत नाही. देवाचे दागिने महाजनांच्या ताब्यात असतात, महाजनांच्या मालकीचे नसतात. जत्रेला ते मोजून बाहेर काढतात, मोजून आत ठेवतात, वहीत नोंद होते, आणि एक मणी कमी भरला तर सगळा गाव विचारावयास उभा राहतो. उपभोग सर्वांचा आणि हिशेब एकाचा. घड्याळाचा उपभोग एकाचा असतो आणि हिशेब कोणीच मागत नाही. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप या पेढीने १९९६ पासून अशी जाहिरात चालविली आहे की आमचे घड्याळ घेणारा त्याचा मालक होतच नाही, तो पुढच्या पिढीसाठी केवळ त्याची निगा राखतो. वाक्य मोठे मोहक आहे. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोगाचा जो उपदेश आहे, किंवा गांधीजींनी संपत्तीविषयी विश्वस्तपणाचा जो विचार मांडला, त्यांचीच ही भाषा. पण विश्वस्त हा कोणाला तरी उत्तर देण्यास बांधलेला असतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला विश्वस्त म्हटल्याने त्याचे मन हलके होते, ठेव कोणाची हे मात्र ठरत नाही. आपल्याच मुलाला देण्यासाठी जपलेली वस्तू ही ठेव नव्हे, ती इस्टेट आहे.

गांधीजींचे नाव निघाले म्हणून सांगतो. कमरेला घड्याळ लटकविणारा हा अपरिग्रही पुरुष मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवी. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी सरदार पटेलांशी चाललेल्या बोलण्यात प्रार्थनेला काही मिनिटे उशीर झाला, आणि त्या उशिराची खंत त्यांनी प्रार्थनास्थळाकडे चालता चालता बोलून दाखविली. पुढे मार्च २००९ मध्ये त्यांचे एक खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी व ताट यांचा न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि अठरा लाख डॉलरांस तो जिन्नस गेला. त्याच शहरात ऑक्टोबर २०१७ मध्ये पॉल न्यूमन या अमेरिकी नटाचे रोलेक्स एक कोटी सत्तर लाखांहून अधिक डॉलरांस विकले गेले. दोन्ही वेळी बोली यंत्रावर लागली नव्हती. ते घड्याळ कोणाच्या अंगावर होते, आणि आता दुसऱ्या कोणास ते मिळणार नाही, यांवर ती लागली होती.

आम्हांस वाटते, प्रश्नाची गाठ येथेच आहे. त्या बडोद्याच्या तरुणाला एवढेच विचारावयास हवे होते: उद्या असेच घड्याळ, याच कारागिरीचे, ओसरीवरच्या प्रत्येकाच्या हातावर आले, तर तुला तुझे घड्याळ आजच्याइतकेच आवडेल काय? आवडेल, असे तो मनापासून म्हणाला तर त्याचे प्रेम घड्याळावर आहे, आणि त्यात दोष असलाच तर तो अतिरेकाचा. पण ते ऐकून त्याचे मन खट्टू झाले तर तो यंत्रावर प्रेम करीत नव्हता, इतरांच्या रिकाम्या मनगटांवर करीत होता. ज्या वस्तूची गोडी दुसऱ्याच्या नसण्यातून येते तिच्या उपभोगात दुसऱ्याचे नसणे रोज हवेसे वाटत राहते. बाजारात काही घड्याळांसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागते, आणि थांबावे लागते म्हणूनच ती अधिक हवीशी होतात, हे पाहिले म्हणजे व्यापाऱ्यांनी ही गोष्ट आमच्याआधी ओळखली आहे यात शंका नाही.

शुद्ध प्रेमालाही धोके आहेतच. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. फैजीने १५८७ मध्ये लीलावती ग्रंथाचे फारशी भाषांतर केले त्यात ती येते. मुहूर्त साधावा म्हणून घटिकापात्र पाण्यावर सोडले होते. ते भांडे कसे भरते हे पाहण्यासाठी मुलगी कुतूहलाने वाकली, तिच्या अलंकारातला मोती निखळून आत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. कथा खरी असो वा नसो, तिच्यात लोभ कोणालाच नाही. यंत्राचे कौतुक आहे, दागिना आहे, आणि दोहोंच्या मध्ये हातची वेळ निसटली आहे.

आता आमच्या मनगटाची गोष्ट. आमचे मामा मुरगाव बंदरावर खनिज निर्यातीच्या एका कचेरीत कारकून होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला; त्यापूर्वी पोर्तुगीज अमलात तेथे परदेशी माल सहज मिळे. १९६० साली, दहा वर्षांच्या शिलकीतून, मामांनी हे ओमेगा घेतले. आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली ही त्यांची एकमेव किमती वस्तू. कचेरीस ते घालून जात नसत. जत्रेला, लग्नाकार्याला, आणि रोज सायंकाळी दिवा लावल्यावर घटकाभर, एवढेच. त्यांना मूलबाळ नव्हते. २००९ मध्ये ते वारले आणि दिवसकार्य आटोपल्यावर मामींनी ते आमच्या हाती ठेविले.

पुढे ते बंद पडले. बेळगावच्या बाजारातील एका वृद्ध घड्याळजीकडे आम्ही ते नेले. त्यांनी झाकण उघडून डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्हांसही भिंगातून पाहावयास दिले. पन्नास वर्षांचे तेल वाळून तपकिरी झाले होते, पण पितळेवरचा तांबूस मुलामा जसाच्या तसा होता. "हे उघडायला मिळाले, हेच खूप," असे ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या हातावर रबरी पट्ट्याचे बॅटरीचे घड्याळ होते. आम्ही हसून तसे म्हणताच ते म्हणाले, "वेळ बघायला हेच बरे." त्या घड्याळाचा रस खऱ्या अर्थाने कोणी घेतला असेल तर या गृहस्थांनी, आणि मालकीचा त्यांस गंधही नव्हता.

साफसफाई व एक चक्र बदलणे यांचे जे पैसे झाले ते आम्ही आनंदाने दिले. घरी येऊन जमाखर्चाची वही लिहावयास बसलो. वरच्याच पानावर मामींना पाठविलेल्या पैशांची नोंद होती. त्या संबंध वर्षात पाठविलेली रक्कम आजच्या एका आकड्याहून कमी होती.

त्या महिन्यात आम्ही मामींकडे गेलो. फोंड्याजवळच्या त्यांच्या घराचे वासे एका बाजूने कुजले होते आणि पावसात स्वयंपाकघरात दोन ठिकाणी भांडी ठेवावी लागत. हे आम्ही पूर्वीही पाहिले होते. पाहिले नव्हते असे म्हणता येणार नाही. घड्याळ विकून छप्पर करावे असे आम्ही सुचविले. मामी आमच्या हाताकडे पाहत राहिल्या आणि एवढेच विचारले, "घड्याळ चलता मू?" चालते, म्हणून आम्ही सांगितले. त्यांनी ते कानाशी धरले, परत दिले, आणि विकण्याची गोष्ट आपण ऐकलीच नाही अशा रीतीने चहाचे आधण ठेवावयास आत गेल्या.

त्या वर्षी आम्ही आमच्याच पैशांतून छप्पर नवे करून दिले. घड्याळ राहिले. हे ऐकून मंडळी आम्हांस बरे म्हणतात, आणि आम्हांस ते ऐकताना ओशाळल्यासारखे होते. छप्पर मामींसाठी केले, की घड्याळ निर्धास्तपणे मनगटावर ठेवता यावे म्हणून केले, हे आम्हांस आजही ठरविता आलेले नाही. घड्याळजीचा आकडा वहीत त्या दिवशी लिहावा लागला नसता तर ते वासे आणखी किती पावसाळे तसेच राहिले असते, याचेही उत्तर आमच्याजवळ नाही. वस्तूने आम्हांस लाज आणली आणि त्या लाजेने काम करून घेतले, इतके खरे. त्या तरुणाला सांगता आले असते ते कदाचित हेच. घड्याळ घेण्यात वाईट काही नाही, पण घेतल्यावर स्वतःच्या वहीचे मागचे पान उलटून पाहावे लागते, आणि ते पान दुसऱ्या कोणाला दाखविता येत नाही.

मामी आता नव्वदीला आल्या आहेत. आम्ही जातो तेव्हा प्रश्न तोच असतो. मागल्या खेपेस सायंकाळी त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही किल्ली देत होतो, आणि पलीकडे देवळात आरतीची घंटा सुरू झाली. घड्याळात पाहिले तर आरतीस अजून तीन मिनिटे होती. मामी म्हणाल्या, देवळाची घंटा बरोबर आहे, ते पुढे कर. आम्ही काटा तीन मिनिटे पुढे केला आणि देवळाकडे निघालो.